तीच मेल मलाही आली होती

प्रार्थना संपून मुलं वर्गात जात होती, तेवढ्यात मंडलाच्या, म्हणजे तालुक्याच्या, शिक्षण ऑफिसातल्या बाबूंचा फोन आला. ते तेलुगू माणूस, माझ्याशी हिंदीत बोलतात.

"मैडम, आपके स्कूल से मेल आया है. अर्जंट सर्क्युलर लिखा है, नीचे एक फाइल लगी है. लेकिन सर्क्युलर तो हम आपको भेजते हैं. आप हमको कब से भेजने लगे? खोलूं क्या?"

"नक्को, नक्को खोलो," मी म्हणाले. "हाथ भी मत लगाओ उसको."

फोन ठेवून ऑफिसात धावले. मुख्याध्यापक सर कॉम्प्युटरसमोर उभे होते. खुर्ची मागेच होती, पण बसायचं भान त्यांना नव्हतं. पडद्यावर पत्त्यांच्या जुगाराचं एक पान उघडलं होतं, त्याच्यावर वजन उतरवायच्या गोळ्यांचं, त्याच्यावर आणखी कसलं तरी. सर माऊसनं एक बंद करत होते की दोन नवी उघडत होती.

"बंद करतो तं दुसरं उघडते, बाई. हे काय होऊन राह्यलं?"

मी टेबलाखाली वाकून नेटची वायर उपटली. पानांची गर्दी तिथल्या तिथं थांबली. मग मी माझ्या फोनवरून शाळेच्या मेलमध्ये शिरले. पाठवलेल्या पत्रांचा रकाना पाहिला. शाळेनं आजवर ज्यांना ज्यांना एखादी ओळ लिहिली होती, त्या सगळ्यांना ती 'अर्जंट सर्क्युलर'वाली मेल गेली होती. आजूबाजूच्या शाळा, आदिलाबादचा पुस्तकवाला, निवृत्त झालेले गुरुजी, कधीतरी बोनाफाईड मागायला पत्र लिहिलेले जुने विद्यार्थी, सगळे त्यात आले.

मी पासवर्ड बदलला. बाकी कुठं कुठं ते खातं उघडं होतं तिथून ते बंद करून टाकलं. मग एक निरोप मराठीत लिहिला, तोच हिंदीत, आणि आमच्या तेलुगूच्या मॅडमकडून तेलुगूत लिहून घेतला: आमच्या शाळेच्या नावानं आलेली फाइल उघडू नका, उघडली असेल तर नेट बंद करा आणि या नंबरवर फोन करा. नंबर माझा घातला.

सर मागून वाचत होते. "तुमचा नंबर काऊन देता, बाई? लोकं तुमालेच बोलतील."

"बोलू द्या, सर. फोन आला तं कोणं उघडली ते तरी समजन."

आमची शाळा तेलंगणात, नार्नूरकडच्या एका गावात आहे, मराठी माध्यमाची. महाराष्ट्राची हद्द इथून लांब नाही. घरात मराठी, शाळेच्या वरच्या कामात तेलुगू, व्यापाऱ्याशी हिंदी, असं इथं प्रत्येकाचं चालतं. मी गणित आणि विज्ञान शिकवते. कॉम्प्युटर माझ्या वाट्याला कोणी नेमून दिला नाही. मला त्याची भीती वाटत नव्हती म्हणून तो आपोआप माझ्याकडं आला. माझे वडील दुसऱ्याच्या शेतावर सालानं राहायचे, आणि रिकाम्या दिवसांत गावातले फवारणीचे पंप दुरुस्त करून द्यायचे. मी शेजारी बसून पाहायची. सुटा झालेला प्रत्येक भाग ते फडक्यावर निघाला त्याच क्रमानं मांडत. घाई करत नसत. बंद पडलेली वस्तू पाहून घाबरायचं नसतं हे मला तिथंच कळलं, आणि पुढं बी.एस्सी. झाले, बी.एड. झाले, नोकरीला लागले तरी ते सुटलं नाही.

हे सगळं कुठून सुरू झालं ते मला साधारण माहीत होतं. मध्यंतरी एका खाजगी कंपनीच्या साइटवर आम्हा शिक्षकांना ऑनलाइन कोर्स करावे लागले होते. सर्टिफिकेट पाहिजे म्हणून आजूबाजूच्या शाळांतल्या बहुतेकांनी तिथं नाव नोंदवलं. नाव, जन्मतारीख, मोबाइल, शाळा, मेल, पासवर्ड, सगळं तिथं भरलं. पुढं एके दिवशी त्या कंपनीचं इंग्रजी पत्र आलं. लांबलचक वाक्यांत त्यांनी लिहिलं होतं की काही माहिती बाहेरच्या व्यक्तींच्या हाती गेली असण्याची शक्यता नाकारता येत नाही. आमच्या भाषेत याला चोरी झाली म्हणतात.

मी त्याच दिवशी माझे पासवर्ड बदलले आणि स्टाफरूममध्ये सगळ्यांना सांगितलं. सगळ्यांनी मान हलवली. खेळाचे सर म्हणाले, "आपल्यापाशी चोरण्यासारखं हाय काय, मॅडम?" सगळे हसले, मीही हसले, आणि घंटा झाली.

मग मेलींचा पाऊस सुरू झाला. तुमचं पार्सल अडकलं आहे, तुमचं कर्ज मंजूर झालं आहे, तुमचं खातं आज बंद होणार आहे. तेवढ्यावर काही बिघडलं नाही. पण चोरांना आमची नावं माहीत होती, कोर्सचं नावही माहीत होतं. शाळेच्या पत्त्यावर एक मेल आली: अमुक अमुक शिक्षकांची सुधारित सर्टिफिकेटं सोबत जोडली आहेत, उतरवून घ्या. नावं खरी, कोर्स खरा. ती फाइल ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर कोणीतरी उघडली. त्यातून कॉम्प्युटरचा विषाणू आत आला. आणि कोर्सच्या साइटवर शाळेची नोंद करताना टाकलेलाच पासवर्ड शाळेच्या मेललाही असल्यानं मेलचं दारही चोराला उघडं सापडलं.

फाइल कोणी उघडली, असं दुपारी एकजण विचारायला लागले. मी मध्येच थांबवलं. "हे इचारायचं नाई. माझ्या हातानं बी उघडली गेली असती. माझंच नाव होतं त्याच्यात." मग तो विषय कोणी काढला नाही.

पण चोरांची आणखी एक मेल होती, आणि तिच्याबद्दल स्टाफरूममध्ये कोणीच बोलत नव्हतं. ती मला थोडी आधीच आली होती. उटनूरच्या घरी मी संध्याकाळी अंगणात मेथी निवडत बसले होते, फोन वाजला म्हणून पाहिलं. मेलच्या विषयाच्या जागी माझा जुना पासवर्ड लिहिलेला. माझ्या आईच्या माहेरच्या गावाचं नाव होतं ते. ते आता कुणा अनोळखी माणसानं मला लिहून पाठवलं होतं. आत लिहिलं होतं की मी तुझ्या कॉम्प्युटरमध्ये शिरून बसलो आहे, तू घाणेरडे व्हिडिओ पाहतेस ते मी पाहिलं, कॅमेऱ्यातून तुलाही चित्रित केलं, आणि हे सगळं तुझ्या ओळखीच्या लोकांना पाठवणार आहे. नको असेल तर अमुक एका ऑनलाइन नाण्यात पैसे भर.

मी काही केलं नव्हतं. तरी कान तापले. तरी मी मान वर करून फाटकाकडं पाहिलं, कोणी येतंय का म्हणून.

दुसऱ्यांदा वाचली तेव्हा डोकं चालायला लागलं. पासवर्ड कोर्सच्या साइटचा, मेलचा पत्ता तिथलाच. याच्या हातात एवढंच आहे. बाकी सगळी थाप. माझं नावसुद्धा त्यानं कुठं लिहिलं नव्हतं. हजारो लोकांना एकच मजकूर पाठवायचा तर नाव कशाला लिहील?

माझे मिस्टर आदिवासी कल्याणच्या ऑफिसात क्लार्क आहेत. ते घरी आले, चहा घेतला, तेव्हा मी फोन त्यांच्यासमोर धरला. लपवलं असतं तर ती मेल माझ्या घरात राहायला आली असती. त्यांनी वाचली. कप हातातच राहिला.

"तुले काऊन आली?"

"सगळ्यायले येते तशी. पासवर्ड त्या कोर्सच्या साइटवरून चोरला. बाकी थाप हाय."

त्यांनी मेल परत वरून वाचायला घेतली. ते मला आवडलं नाही आणि मी तसं बोलून दाखवलं. "जे इचारायचं ते इचारा. मनात ठेवू नका."

"इचारायचं काई नाई," ते म्हणाले. "पण वाचून माणूस घाबरते ना."

"म्हणूनच तं पाठोतात."

त्यांनी उरलेला चहा माझ्या कपात ओतला आणि मेथीची जुडी आपल्याकडं ओढली. आमच्या घरातलं ते प्रकरण तिथं संपलं. मेल मी पुसली नाही. पुरावा म्हणून ठेवली.

शाळेचा कॉम्प्युटर बिघडला त्यानंतर सर बदलले. सर म्हणजे आमचे मुख्याध्यापक, सीमेवरच्या एका गावातल्या कापूस-ज्वारी पिकवणाऱ्या घरचे. उंच माणूस, इस्त्रीचा पांढरा सदरा, आवाज असा की मैदानाच्या त्या टोकाला पोरं सरळ उभी राहतात. बाप आणि पोरगा दोघांनाही शिकवलेले शिक्षक मंडलात फार नाहीत, त्यांतले ते एक. जेवायला आम्ही सगळे एकत्र बसतो आणि सर घरच्या ठेच्याची डबी सगळ्यांपुढं फिरवतात, ही आमच्या शाळेची रीत होती. आता ते डबा घेऊन ऑफिसात एकटे बसायला लागले. कोणी आत गेलं की फोन पालथा घालायचे. एकदा त्यांचा फोन टेबलावर सरळ पडलेला दिसला. पुढच्या कॅमेऱ्यावर जखमेला लावतात त्या चिकटपट्टीचा तुकडा डकवलेला होता.

मला वाटलं, शाळेच्या मेलचं मनाला लावून घेतलं असेल. फोन भरपूर आले होते, पण दोघांनीच फाइल उघडली होती आणि मी त्यांना काय करायचं ते सांगितलं होतं. ते सगळं मी सरांना दोन-तीनदा समजावून सांगितलं. ते "बरं बरं" म्हणायचे आणि खिडकीबाहेर पाहायचे.

मग एके दुपारी हजेरीवर सही घ्यायला गेले तर त्यांनी पेन हातात तसंच धरलं.

"बाई, एक इचारू? कॅमेरा बंद असला, तरी त्याच्यातून कोणाले दिसते का?"

तेव्हा मला उलगडलं.

"सर, जरा बाहेर येता?"

शाळेच्या मैदानात हातपंपाजवळ सिमेंटचा एक बाक आहे. तिथं बसलेली माणसं सगळ्या वर्गांतून दिसतात, पण बोललेलं ऐकू जात नाही. मला नेमकी तशी जागा पाहिजे होती. सर बाकाच्या एका टोकाला बसले, मी दुसऱ्या.

"तुमाले एक मेल आली हाय ना, सर? जुन्या पासवर्डची?"

त्यांचा चेहरा पाहवेना. "कोणं सांगतलं तुमाले?"

"कोणं नाई." मी माझा फोन उघडून त्यांच्या हातात दिला. "हे वाचा. हे मले आलेली हाय."

त्यांनी चष्मा लावला. मजकूर इंग्रजी, ते एकेका ओळीवरून बोट फिरवत वाचत होते. हातपंपावर दोन मुली पाणी प्यायला आल्या, पिऊन गेल्या. सर शेवटपर्यंत पोचले, परत वर गेले.

"हे तं तेच हाय," ते म्हणाले. "शब्दाले शब्द." मग मजकुरात माझ्याबद्दल काय लिहिलं होतं ते त्यांच्या ध्यानात आलं असावं. त्यांनी फोन पटकन माझ्याकडं सरकवला आणि दुसरीकडं पाहायला लागले. "बाई, तुमी हे मले काऊन दाखोलं?"

"तुमी एकटेच वाचून राह्यले म्हणून."

सरांनी चष्मा काढून खिशात ठेवला. मग बोलायला लागले ते थांबेनात. घरी बायकोला सांगितलं नव्हतं. जेवण जात नव्हतं. फोनची घंटा वाजली की वाटायचं, गेली मेल लोकांकडं, आता कोणीतरी त्याबद्दलच फोन करतंय. शाळेच्या खात्यातून सगळीकडं त्या मेली गेल्या त्या दिवशी तर त्यांची खात्रीच पटली की हा तोच माणूस आहे आणि त्यानं सुरुवात केली.

"पैसे भरून टाकतो म्हटलं, बाई. पण ते नाणं कुठं भेटते हेच समजेना. उटनूरच्या सोनाराले इचारलं, असं असं नाणं हाय का तुमच्यापाशी."

"मग?"

"तो म्हणे, लक्ष्मीचं हाय, चांदीचं. देऊ का?"

मला हसू आवरलं नाही. मी तोंडावर पदर धरला, पण सरांनी पाहिलं. एक क्षण वाटलं आता रागावतात. पण त्यांच्याच गालात काहीतरी हललं आणि तेही हसले. गेल्या कित्येक दिवसांत मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं.

हसणं ओसरल्यावर ते हळू आवाजात म्हणाले, "पण म्या काई केलं नाई हो, बाई."

"मले माहीत हाय."

"काऊन माहीत?"

"तो म्हणते कॉम्प्युटरच्या कॅमेऱ्यातून पाह्यलं. तुमी कॉम्प्युटर वापरता तो एकच, ऑफिसातला. त्याले कॅमेरा कुठं हाय, सर?"

सर उठले आणि सरळ ऑफिसात गेले. मी बाकावरून पाहत होते. दारातून दिसत होतं, त्यांनी पडद्याच्या वर, खाली, मागं हात फिरवून पाहिलं. परत आले तेव्हा चाल त्यांची नेहमीची होती.

"नाईच हाय," ते म्हणाले.

"नाईच. आन आणखी एक सांगते, सर. समजा एखाद्यानं तसं काई पाह्यलं असतं, तरी या चोरापाशी दाखवायले काईच नसतं. तो आंधारात दगड मारते. ज्याले लागला तो ओरडते, मग त्याले समजते इथं माणूस हाय."

सरांनी मान हलवली. मग म्हणाले, "आपल्या शाळेत आणखी कोणाले आली असन का?"

"कोर्स तं सगळ्यायनंच केला."

मी म्हटलं, उद्या स्टाफरूममध्ये मी सांगते सगळ्यांना. ते म्हणाले, "नाई. मीटिंग मी बोलावतो. वाचा तुमी. तुमचं इंग्रजीचं मराठी चांगलं होते."

दुसऱ्या दिवशी मुलांना खेळायला सोडून आम्ही सगळे स्टाफरूममध्ये बसलो. दार लावून घेतलं. सर टेबलाच्या टोकाला बसले होते. मी उभी राहिले, धडा वाचते तसा आवाज लावला आणि माझी मेल वाचायला सुरुवात केली. एक ओळ इंग्रजी, मग तिचं मराठी. 'मी तुझ्या यंत्रात गुपचूप बसून आहे.' 'तुझी आवड फार विचित्र आहे.' आमच्या भाषेत आणल्यावर ती वाक्यं एखाद्या गावठी नाटकातल्या खलनायकाची वाटायला लागली. तरी कोणी हसत नव्हतं. प्रत्येकजण आपापल्या पायांकडं पाहत होता.

मी वाचून संपवलं. "हे मले आली," मी म्हणाले. "पासवर्ड खरा होता. बाकी एक अक्षर खरं नाई."

सरांनी हात वर केला, वर्गात मुलं करतात तसा. "मले बी आली. म्या घाबरलो होतो. बाईनं समजावून सांगतलं."

मग तेलुगूच्या मॅडम एकदम ओरडल्याच, "इदेना? नाकू कूडा वच्चिंदि!" आणि लगेच मराठीत, "मलाही आली, मी तर देवाला नारळ बोलले!" त्यांच्यानंतर खेळाचे सर. आपल्याकडं चोरण्यासारखं काय आहे असं विचारणारे तेच. त्यांनी भीतीनं मेलचं खातंच बंद करून टाकलं होतं. समाजशास्त्राच्या सरांची मेल त्यांच्या बायकोनं आधी वाचली होती आणि त्या तेव्हापासून माहेरी होत्या. मुख्याध्यापक सरांनी तिथंच त्यांना बायकोला फोन लावायला लावला आणि स्वतः बोलले. "ताई, मी मुख्याध्यापक बोलून राह्यलो. हे मेल मले बी आली हाय. आमच्या शाळेतल्या बायकायले बी आली हाय. तुमच्या नवऱ्याचा काई दोष नाई." पलीकडून काय उत्तर आलं ते आम्हाला ऐकू आलं नाही, पण त्या शनिवारी त्या परत आल्या.

त्या दुपारी आम्ही एकेकाचे पासवर्ड बदलले. दोन टप्प्यांची खातरजमा सुरू केली, म्हणजे पासवर्डानंतर फोनवर एक आकडा येतो आणि तो टाकल्याशिवाय दार उघडत नाही. सरांनी कॅमेऱ्यावरची चिकटपट्टी नखानं खरवडून काढली. सर आणि मी मेलच्या छापील प्रती घेऊन पोलीस ठाण्यातही गेलो. अर्ज तेलुगूत पाहिजे होता, तो तेलुगूच्या मॅडमनी लिहून दिला होता. तिथल्या साहेबांनी नीट वाचला, असे अर्ज आणखीही आले आहेत म्हणाले, पाठवणारा सापडेल याची हमी दिली नाही. सर म्हणाले, सापडो न सापडो, कागदावर तर येऊ द्या.

कॉम्प्युटर उरला होता. त्याचा सीपीयूचा डबा मी ओढणीत गुंडाळून ऑटोनं उटनूरला नेला. दुरुस्तीवाल्या भाईंनी तो जोडून पाहिला आणि मान हलवली.

"मैडम, ये तो अंदर से पूरा सड़ गया. सब मिटाके नया डालना पड़ता."

"डालो. पहले मेरे पेपर निकाल लो."

त्या कॉम्प्युटरमध्ये माझे सरावाचे पेपर होते. मराठी माध्यमाच्या दहावीच्या मुलांसाठी इथं बाजारात काही मिळत नाही. तेलुगू आणि इंग्रजीची गाइडं ढिगानं, मराठीचं एकही नाही. म्हणून वर्षानुवर्षं मी स्वतः टाइप करत आले होते. गणित, भौतिक, जीव, प्रत्येक धड्याचे प्रश्न. भाईंनी फाइली बाहेर काढल्या, विषाणू आहे का तपासल्या, मग कॉम्प्युटर धुवून पुसून नवा केला. शाळेत आणून मी पहिला पेपर उघडला तर पडद्यावर इंग्रजी अक्षरं, स्वल्पविराम आणि कंस यांची खिचडी. जुन्या मराठी फाँटात टाइप केलेलं सगळं. कॉम्प्युटर पुसताना तो फाँटही गेला होता आणि आता कुठंच मिळत नव्हता.

खोटं कशाला सांगू, तेव्हा मात्र मी खाली बसले. चोराच्या धमकीनं जे झालं नव्हतं ते त्या खिचडीनं झालं.

सरांनी आत डोकावलं. "काय झालं, बाई?"

मी दाखवलं. त्यांनी पाहिलं, म्हणाले, "छापील प्रती हायेत ना कपाटात?"

"हायेत. पण टाइप कोण करन एवढं?"

"किती जण हाओ आपण?"

आम्ही वाटून घेतलं. मी जीवशास्त्र, समाजशास्त्राच्या सरांनी गणित, खेळाच्या सरांनी भौतिक. तेलुगूच्या मॅडमना देवनागरी टाइप करता येत नव्हतं, तर त्यांनी वाचून दाखवायचं काम घेतलं आणि आमच्या जोडाक्षरांना यथेच्छ नावं ठेवली. सर एका बोटानं टाइप करायचे. एक ओळ झाली की मान मागं टाकून ती मोठ्यानं वाचायचे आणि चूक सापडली की स्वतःलाच रागवायचे. दोन-तीन जुने प्रश्न त्यांनी परस्पर बदलले. विचारलं तर म्हणाले, "तुमचा प्रश्नच चुकीचा होता, बाई." तो चुकीचा नव्हता, पण सरांचा प्रश्न जास्त चांगला होता, म्हणून तोच राहू दिला. यंदाच्या दहावीनं ते पेपर सोडवले. आता ते दोन ठिकाणी जपून ठेवले आहेत, आणि अशा अक्षरांत की कुठल्याही फोनवर उघडावेत.

मेली अजून येतात. पार्सल अडकतं, कर्ज मंजूर होतं, परदेशातला कोणी राजपुत्र माझी आठवण काढतो. नववीच्या मुलांना मी त्या फळ्यावर लिहून दाखवते आणि चूक शोधायला लावते. आकडेमोडीत कंटाळणारी पोरं यात वाघ होतात. "मॅडम, सरकारी माणूस एवढं गोड कायले बोलन?" असं एकीनं विचारलं आणि अख्खा वर्ग हसला.

आमच्या स्टाफरूममधली गोष्ट शिक्षकांतून शिक्षकांत फिरली. कशी फिरली ते मला ठाऊक नाही. सर सगळ्यांना माझा नंबर देत सुटले असावेत असा मला दाट संशय आहे. परवा रविवारी दुपारी एका अनोळखी नंबरावरून फोन आला. बाईचा आवाज, तरुण.

"ताई, मी बेज्जूरकडून बोलून राह्यली. तिकडच्या शाळेत शिक्षिका हाय. तुमचा नंबर एका सरांनी देल्ला. थोडं इचारायचं होतं." पुढचं वाक्य तिनं दोनदा सुरू करून अर्धवट सोडलं.

"मेल आली का?" मी विचारलं.

पलीकडं रडणं सुरू झालं. मी रडू दिलं. गॅस बंद केला, खाटेवर येऊन बसले, आणि ती शांत झाल्यावर माझी मेल तिला वाचून दाखवली. मधेच ती म्हणाली, "व्हय, हेच, हेच वाक्य हाय." तिच्या होणाऱ्या नवऱ्याला हे कळलं तर, ही भीती तिला होती. मी म्हटलं, त्याला तूच सांग, आजच सांग, आणि नाहीच पटलं तर मला फोन लावून दे, माझी मेल मी त्यालाही वाचून दाखवीन.

"आता काय करू, ताई?"

"पैला पासवर्ड बदल. मी फोनवर हाय."

तिनं दुसऱ्या फोनवर खातं उघडलं. कुठं दाबायचं ते मी सांगत गेले, पडद्यावर काय आलं ते ती वाचत गेली. नवा पासवर्ड टाकायच्या जागेशी आलो तेव्हा तिनं विचारलं, "कोणता ठेवू? माझ्या शाळेचं नाव आन त्याच्यापुढं…"

"थांब, थांब," मी म्हणाले. "तो मलेबी सांगायचा नाई."

ती हसली. मग बटणांचा हलका आवाज ऐकू येत राहिला, आणि मी गप्प बसून तिचं टाइप करून होण्याची वाट पाहिली.